मुरुडहून यायचा तो केक

बकरीदनंतरची तारीख धरून मैमूनाचा निकाह ठरला, त्याच आठवड्यातल्या एका दुपारी ओढणीच्या काठाला जरीचा गोटा लावता लावता तिनं सहज विचारलं, “खाला, तो केक कोण पाठवायचं, तुम्हांला माहीत आहे?” जुलेखाच्या हातातली सुई थांबली नाही. सुई कापडात शिरली, खालून बोटांना लागली, वर आली, दोरा सरकला. पण पुढचे चार टाके दुसऱ्याच कुणा बाईनं घातल्यासारखे वाकडे पडले आणि बसल्या जागी ते तिला दिसत राहिले. कोणता केक, असं तिनं विचारलं. विचारताना आपला आवाज अगदी रोजचा आहे हे ऐकून तिला स्वतःचीच थोडी भीती वाटली. मैमूना खाली बघूनच बोलत होती. बोटीनं यायचा, म्हणाली, पत्र्याच्या निळ्या डब्यातून, थंडीच्या दिवसांत. अम्मी त्याला सुरी लावायची नाही, शिवणाच्या दोऱ्यानं कापायची. दोरा भोवती गुंडाळायची आणि दोन्ही टोकं उलटसुलट ओढायची, की एका केकचे दोन केक व्हायचे. मग मध्ये साय भरायची. उरलेली साय बोटाला लावून मला चाटवायची. हे सांगताना सतरा वर्षांची मैमूना हसत होती. मग तो यायचा बंद झाला, अम्मी गेली म्हणून झाला असेल, ती म्हणाली. गल्लीतला एखादा दिवा काढून नेला असं सांगावं, तसं तिनं ते दुःख न करता सांगितलं, दातांनी दोरा तोडला आणि ओढणीच्या दुसऱ्या टोकाकडे वळली.

डोंगरीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत जुलेखा अकरा वर्षं राहत होती. खाली गल्लीत दिवसभर हातगाड्यांची खडखड चाले आणि तिला ती आता ऐकूही येत नसे. त्या दुपारी ती पुन्हा ऐकू यायला लागली, पहिल्या वर्षी येत असे तशी. पहिल्या वर्षी ती एकोणीस वर्षांची होती. तळे गावची मुलगी; आई लहानपणीच गेलेली, मामाच्या घरी वाढलेली; समुद्र तिनं लग्नाच्या वाटेवर पहिल्यांदा पाहिला. सिराजुद्दीनची पहिली बायको रुकय्या तापानं जाऊन वर्ष झालं होतं आणि सहा वर्षांची मैमूना दाराच्या चौकटीला धरून नव्या बाईकडे पाहत उभी राहायची. ती कुणालाच हाक मारायची नाही. तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायला शिकवलं, तसं ती म्हणायची, पण पाठ केलेला धडा म्हणावा तसं. घरात जिकडेतिकडे रुकय्या होती. लोणच्याच्या बरण्यांवर तिनं बांधलेली फडकी होती. खिडकीच्या गजाला तिनं बांधलेली सुतळी होती, ओले रुमाल वाळत घालायला. चाळीतल्या बायका नळावर प्रेमानंच सांगायच्या, रुकय्या डाळीला लसूण शेवटी द्यायची, रुकय्या हसायची तेव्हा चौथ्या मजल्यावर ऐकू जायचं. जुलेखानं कधी कुणाला उलट शब्द दिला नाही. ती लसूण शेवटी द्यायला लागली. पण आत काहीतरी आवळत चाललं होतं, भिजलेली गाठ सुटायच्या ऐवजी घट्ट होत जावी तसं.

आणि मग तिसऱ्या महिन्यात दादू खलाशी डबा घेऊन जिना चढून आला. मुरुडहून, म्हणाला, नानीबायनं दिलाय पोरीसाठी. बरोबर ओल्या फडक्यात गुंडाळलेली चिनी मातीची लहान बरणी होती. परवा बोट सुटेल तेव्हा डबा न्यायला येतो, असं सांगून तो गेला. जुलेखानं डब्याचं झाकण काढलं आणि लिंबाच्या सालीचा, अंड्याचा, तुपाचा असा एक वास खोलीभर पसरला. या वेळी नुसत्या बरण्या नव्हत्या, नुसती सुतळी नव्हती, रुकय्याच आली होती, स्वतःच्या पायांनी जिना चढून. मैमूना आतल्या खोलीत निजली होती. जुलेखानं सुरी घेतली, केकचे तुकडे केले आणि ताट घेऊन ती चाळभर फिरली. चारही मजल्यांवर. मुरुडहून आलाय, घ्या, घ्या. बायका म्हणाल्या, नव्या सुनेचं मन मोठं आहे. तुकडा राहिला नाही. घरी येऊन तिनं बरणीवरचं फडकं सोडलं. आत पांढरी, दाट, जड साय होती. ती कशासाठी पाठवली आहे हे तिला समजलं नाही. दाराआड उभी राहून तिनं बोट बुडवलं आणि तोंडात घातलं. पुन्हा बुडवलं. इतकी गार, इतकी मऊ चव तिच्या जिभेला कधी लागलीच नव्हती, आणि का कोण जाणे, तिला रडू यायला लागलं. रडता रडता तिनं बरणी बोटानं पुसून रिकामी केली. मग डबा घासला, बरणी घासली, दोन्ही उन्हात वाळवली, आणि दादू आला तेव्हा तशीच त्याच्या हातात दिली. रिकामी. तळ्याला काय, मुरुडला काय, कुणाचं आलेलं भांडं रिकामं परत जात नाही. काही नाही तर मूठभर तांदूळ, चिमूट साखर. हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. ठाऊक होतं म्हणूनच तिनं तसं केलं. पुढच्या थंडीत डबा आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही, आणि त्याबद्दल या घरात कुणीच कधी बोललं नाही.

माणूस अशा गोष्टी विसरत नाही, पण त्यांच्यावरून चालायला शिकतो. मैमूनाला गोवर निघाला तेव्हा सात दिवस जुलेखा तिच्या उशाशी बसली. तिचे केस विंचरताना गुंता कुठे होतो हे तिच्या बोटांना पाठ झालं. पुढे स्वतःची दोन मुलं झाली तरी कुठल्या ताटात आधी वाढायचं हे हातच ठरवायचा आणि ते ताट मैमूनाचं असायचं. हे प्रेम कधी सुरू झालं ते तिला सांगता आलं नसतं. पण ते खरं होतं, आणि म्हणूनच त्या दुपारनंतर तिला जेवण जाईना. अम्मी गेली म्हणून बंद झाला असेल. मुलीनं ते असंच धरून ठेवलं होतं, अकरा वर्षं, कुणावर राग न धरता. जुलेखानं सिराजुद्दीनला सांगितलं की मैमूनाच्या नानीला निकाहाचं आवतण द्यायला कुणीतरी स्वतः गेलं पाहिजे, आणि मी जाते. तो जहाजांच्या सामानाच्या वखारीत कारकून होता, मोजकं बोलणारा. रुकय्याच्या मयतीनंतर सासूनं नातीला मुरुडला नेते म्हटलं होतं आणि यानं नाही म्हटलं होतं. तेव्हापासून त्या घराची पायरी चढायचं त्याला धाडस झालं नव्हतं. तो बराच वेळ टोपीची कड चाचपत राहिला. मग म्हणाला, “तू जातेस तर बरं होईल. मला जमलं नाही.” खरं कारण तिनं त्याला सांगितलं नाही. मुरुडचं एक ओळखीचं कुटुंब दोन-तीन दिवसांसाठी गावी निघालं होतं, त्यांच्या सोबतीनं ती भाऊच्या धक्क्यावरून आगबोटीत चढली.

बोट किनाऱ्याकिनाऱ्यानं चालली होती. अलिबागचा किल्ला गेला, रेवदंड्याची खाडी गेली, माडांची एकच एक हिरवी रेघ संपतच नव्हती. बुरख्याच्या जाळीतून जुलेखा पाण्याकडे पाहत होती आणि मनाशी वाक्यं जुळवत होती. सलाम, मी मैमूनाची... मैमूनाची कोण? आणि त्या बाईला हाक काय मारायची? नवऱ्याच्या मेलेल्या बायकोच्या आईला काय म्हणतात, याला तिच्या माहितीत शब्दच नव्हता. अकरा वर्षांपूर्वी हेच पाणी कापत तो डबा रिकामा परत गेला होता. दादूनं तो हातात दिला असेल, तिनं हलवून पाहिला असेल, झाकण काढलं असेल, आत बघितलं असेल. बघून काय केलं असेल, इथपर्यंत जुलेखा कधी येत नसे. तिथून ती मागे फिरायची. आज बोट पुढेच जात होती. मुरुडला बोट लांब समुद्रात उभी राहिली, माणसं होडीत उतरली, आणि पायाखाली ओली वाळू लागल्यावर तिला वाटलं की परतीच्या होडीत जाऊन बसावं आणि सांगावं, नानी भेटली नाही.

घर माडांच्या वाडीत होतं, कौलारू, पुढे शेणानं सारवलेली पडवी. पडवीत एक कोळीण मासळीची पाटी उतरवून बसली होती. ती गोदू, मैमूनाच्या नानीची अंडी, दूध, मासळी तीच बघायची. “बाय हाय मागं, माडाना पानी लावतेय,” ती म्हणाली आणि जुलेखाला वरपासून खालपर्यंत बघून घेतलं. “मुंबैची व्हय?” जुलेखानं मान हलवली. नानी, जैबुन्निसा, मागच्या दारानं आली, चांगली उंच, पासष्टीची, पायांना चिखल. तिनं जुलेखाचं नाव ऐकलं, कुणाची कोण ते ऐकलं, आणि पाय धुवायला पुन्हा मागे गेली. बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहिला. परत आली ती फक्त एवढंच विचारत की मुलगी किती उंच झाली. जुलेखानं आपल्या कानाशी हात धरून दाखवला. म्हातारीनं त्या हाताकडे पाहिलं, हवेतल्या त्या जागेकडे, जणू तिथे काही उभं होतं. मग निकाहाचं आवतण देऊन झालं, चहा झाला, आणि जुलेखानं मान खाली घालून सांगितलं की मैमूनाला त्या केकची आठवण आहे, आणि मला तो शिकवा, म्हणजे तिच्या निकाहाआधी एकदा तिला करून घालीन. मनाची तयारी तिनं नकाराची केली होती, रडण्याची केली होती. जैबुन्निसा म्हणाली, “सहा अंडी लागतील. गोदूला सांगते.”

तो केक जैबुन्निसाच्या बापानं घरात आणला होता. बाप आगबोटींवर भंडारी होता, साहेबांचं जेवण रांधायचा. पण घरी भट्टी नाही, लोखंडी पेटी नाही, म्हणून तिच्या आईनं तो आपल्या चुलीवर बसवून घेतला आणि तेव्हापासून तो या घरातल्या बायकांचा झाला. लिहिलेलं काही नव्हतं. तराजूच्या एका पारड्यात सहा अंडी ठेवायची, दुसऱ्यात त्यांच्या वजनाइतकी साखर; मग तीन अंडी काढून घ्यायची आणि उरलेल्या तिनांइतका मैदा. अंडी आणि साखर कल्हईच्या पातेल्यात घालून माडाच्या झावळीच्या हिरांच्या जुडीनं फेटायची, हात भरून आला की दुसऱ्या हातानं, थांबायचं नाही. पिवळा रंग पांढरटावर यायचा, जुडी उचलली की धार रिबिनीसारखी पडायची आणि क्षणभर तशीच राहायची. मग मैदा वरून पेरायचा, लिंबाची साल किसून घालायची. तूप लावलेलं तांब्याचं भांडं मोठ्या पातेल्यातल्या तापलेल्या वाळूत बसवायचं, वर झाकण, झाकणावर करवंट्यांचे निखारे. आणि किती वेळ? कुराणातली यासीन दोनदा पढून होईल इतका. जुलेखानं वर पाहिलं. जैबुन्निसा चुलीपाशी पाय मुडपून बसली, डोळे मिटले आणि हलक्या आवाजात तिनं पढायला सुरुवात केली. या घरात घड्याळ नव्हतं. पहिली यासीन संपली, दुसरी सुरू झाली, करवंट्या तडतडत होत्या, आणि तो वास आला. तोच. जुलेखाला वाटलं करपतंय, आतून काळं पडतंय. कुणी नको म्हणायच्या आत तिनं चिमट्यानं झाकण उचललं. आत सोनेरी, फुगलेला, जिवंत असा केक होता, आणि तिच्या देखत मधोमध हळूच खाली बसत गेला. कुणी श्वास सोडावा तसा. जैबुन्निसानं आपलं पढणं पुरं केलं, मगच डोळे उघडले. आत बघितलं आणि ती हसली. “माझेही पहिले चार असेच बसले होते,” ती म्हणाली.

ते हसणंच जुलेखाला सोसलं नाही. बसलेला केक दोघी परातीत काढत होत्या, कडा सुटत नव्हत्या, आणि कडा खरवडत असतानाच ती बोलायला लागली. डबा आला तेव्हा मैमूना निजली होती असं तिनं सांगितलं. चाळभर वाटला तेही सांगितलं. मुलीला एक तुकडाही ठेवला नाही. डबा रिकामा का पाठवला तेही, वाक्य न जुळवता, जसं येईल तसं. मामाच्या घरची, कुणी शिकवलं नाही असं म्हणता आलं असतं, पण तसं नव्हतं, मला कळत होतं. ती बोलायची थांबली तेव्हा मागे वाडीत रहाटाचा आवाज चालू होता. जैबुन्निसा परातीकडेच बघत होती. तिची बोटं केकचा एक मऊ तुकडा कुस्करत होती.

“आणि साय?” तिनं विचारलं.

“साय मी खाल्ली. एकटीनं. दाराआड.”

“कशी होती?”

जुलेखाला प्रश्न समजला नाही. म्हातारीनं तो पुन्हा विचारला, या वेळी तिच्याकडे वळून, आणि तिच्या तोंडावर राग शोधणाऱ्या जुलेखाला तिथे दिसली ती काळजी, स्वैपाक करून ताटं बाहेर पाठवणाऱ्या बाईची असते तसली साधी काळजी. “रुकय्या गेल्यावर केलेला तो पहिला,” जैबुन्निसा म्हणाली. “तिच्या मयताच्या उशाशी यासीन पढून वर्ष झालं होतं. चुलीपुढे बसले आणि पढवेना. तोंड उघडायचं आणि मिटायचं. मग मनातच काहीतरी आकडे मोजले नि उतरवला. भाजला की कच्चा राहिला, साखर दोनदा घातली की घातलीच नाही, आजपर्यंत ठाऊक नाही. सांगायला कुणी नव्हतं.” केक मी चाखलाच नाही, जुलेखा म्हणाली, पण चाळीतल्या सगळ्यांनी बोटं चाटली, आणि साय, ती म्हणाली, तिच्यासारखं मी आयुष्यात काही खाल्लं नाही, मी खाताना रडत होते. जैबुन्निसानं मान डोलावली, दोन-तीनदा, आणि पदराला हात पुसले. अकरा वर्षांनी तिला तिच्या भांड्याची खबर मिळाली होती.

पुढचं ती दुसऱ्या दिवशी सकाळी, साय फेटायला बसल्यावर, आपणहून बोलली. साय म्हशीच्या दोन दिवसांच्या दुधाची, ओल्या वाळूत पुरलेल्या मडक्यात गार केलेली. ती हिरांनीच फेटायची, पण तिथे हात हलका हवा आणि लक्ष सगळं तिच्यात हवं, कारण दाट होते होते म्हणेपर्यंत दोन फटकारे जास्त पडले की तिचं लोणी होतं आणि मग मागे येता येत नाही. जुलेखा फेटत होती, म्हातारी बघत होती. डबा रिकामा बघून राग आला होता, म्हातारी म्हणाली, खूप आला होता. पण दुसरा डबा पाठवायला मला कुणी अडवलं होतं? दादू दर महिन्याला येतच होता. पोर तुझी नव्हती, माझी होती, मी पाठवत राहायला हवा होता. पण मला राग हवा होता. रुकय्या गेली त्याचा राग कुणावर काढणार, अल्लावर? तू सापडलीस. “थांब,” ती एकदम म्हणाली आणि जुलेखाचं मनगट धरलं. साय झाली होती. मनगटावरचा तो हात खरखरीत आणि गरम होता, आणि तो लगेच निघाला नाही. मग तिनं सांगितलं की दोन दिवस तू मला काहीच हाक मारत नाहीस, नुसती खोकतेस. मैमूना नानी म्हणते ना, तूही तेच म्हण. मुंबईला निकाहाला मात्र येणार नाही, असंही तिनं सांगून टाकलं. बोटीत बसून एकदा गेले होते, पोचले तोवर माझी रुकय्या गेली होती. पुन्हा त्या बोटीत पाय ठेवणार नाही. मैमूनाला तुझी गोष्ट सांगायची की नाही ते तू बघ, माझ्या तोंडून जाणार नाही. दुसरा केक त्या दुपारी बसला नाही. जुलेखानं झाकणाकडे हात नेला नाही. नानीच्या आवाजामागून तीही हळू आवाजात पढत राहिली.

परतीच्या बोटीत केकचा डबा मांडीवर होता आणि सायीच्या बरणीवरचं फडकं ती दर तासाला पाणी मारून ओलं करत होती. सोबतचं कुटुंब मागच्या बाजूला झोपलं होतं. सांगायचं की नाही हा विचार तिनं धक्का येईपर्यंत केला आणि धक्का आला तेव्हा न सांगायचं ठरलं होतं. आता कशाला? मुलगी सासरी चालली आहे. घरी मैमूनानं डबा उघडला, आत पाहिलं आणि काही न विचारता शिवणाच्या पेटीतून दोरा आणला. पहिल्या ओढीला वाकडं गेलं, दुसऱ्या ओढीला सरळ. साय भरली. एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला, डोळे मिटले आणि म्हणाली, हाच. हाच तो. लहान भावांना तिनं तुकडे दिले, बापाला दिला. सिराजुद्दीन तुकडा हातात धरून खिडकीशी जाऊन उभा राहिला आणि बाहेर बघतच तिथे खाल्ला. मग मैमूना जुलेखाजवळ आली, तिच्या खांद्याला गाल टेकवला, असं ती फार क्वचित करायची, आणि म्हणाली, “माझ्यासाठी एवढ्या लांब गेलात, खाला. एवढं कोण करतं?” जुलेखाला हे पेलेना. शिवी पेलली असती. पुरुष बाहेर गेल्यावर तिनं मैमूनाला समोर बसवलं आणि केक का बंद झाला ते सांगितलं, सगळं, दाराआडच्या सायीपर्यंत. मैमूनानं ऐकून घेतलं. उरलेल्या केकवर ताट झाकलं. उठली आणि आतल्या खोलीत गेली.

दोन दिवस ती कामापुरतं बोलली. मीठ कुठे आहे. दूधवाला आलाय. आवाजात कडवटपणा नव्हता आणि तेच वाईट होतं. ती विचार करते आहे हे दिसत होतं, आणि जुलेखा तिच्या विचाराच्या बाहेर उभी होती, कधी काळी ती लहान मुलगी चौकटीला धरून उभी राहायची तशी. गोटा लावायचं काम दोघी समोरासमोर बसून करत होत्या. जुलेखाला नळावर जायचं नकोसं झालं होतं, मुलांना जेवायला हाक मारताना आपला आवाज चिरकतो असं वाटत होतं, आणि तरीही आत कुठेतरी, फार खाली, अकरा वर्षांत पहिल्यांदा जागा मोकळी झाली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी मैमूना चहाचा कप घेऊन आली, कप खाली ठेवला आणि म्हणाली की निकाहाआधी मला मुरुडला जायचं आहे, नानी येत नसेल तर मी जाईन. अब्बांना तुम्ही विचारा, आणि तुम्हीच चला बरोबर. सिराजुद्दीन या वेळी टोपी चाचपत बसला नाही. पुढच्या बोटीनं जा म्हणाला, आणि चार दिवस राहा.

त्या दिवशी वारा होता. बोट धक्का सोडून जरा बाहेर पडते न पडते तोच मैमूनाला गरगरायला लागलं. थळच्या पुढे तिनं सगळं ओकून टाकलं. जुलेखानं तिचं तोंड पुसलं, लिंबू हुंगायला दिलं, बायकांच्या बाजूला कोपऱ्यात गोणपाट अंथरून तिला आडवी केली. मैमूनानं कूस बदलली आणि डोकं जुलेखाच्या मांडीवर ठेवलं. बुरख्याचं तोंड वर केलेलं, चेहरा मेणासारखा, डोळे मिटलेले. मग डोळे न उघडता ती म्हणाली, “मला राग आलाय. अजून आहे.”

“असू दे,” जुलेखा म्हणाली.

“नानीसाठी आलाय. माझ्यासाठी नाही.” बोट एका लाटेवर चढली आणि उतरली, मैमूनानं श्वास धरला आणि सोडला. त्या दिवशी मी निजले नव्हते, ती म्हणाली. आतून बघत होते. तुम्ही दाराआड उभ्या राहून बरणीतलं काहीतरी खात होतात आणि रडत होतात, नाक वाहत होतं, पुसतही नव्हतात. काय खात होतात ते कळलं नव्हतं, परवा तुम्ही सांगितलंत तेव्हा कळलं. मला तुमची फार भीती वाटायची तेव्हा. त्या दिवसानंतर वाटली नाही. मोठी माणसं अशी रडत नाहीत, म्हणजे ही मोठी नसणार, असं मला वाटलं. जुलेखा तिच्या केसांत बोटं फिरवत राहिली. वाऱ्यानं नेहमीच्या जागी गुंता झाला होता, तो ती हळूहळू सोडवत होती. पाण्याकडे बघायचं तिला सुचलं नाही. रेवदंडा कधी मागे गेला, कळलं नाही.

मुरुडला होडीत उतरताना मैमूना कठड्याला धरून उभी राहिली. तांडेल म्हणाला उडी मार बाय, लाट खाली गेली की मार, आणि तिनं लाट वर असतानाच मारली. जुलेखानं तिला छातीशी धरलं आणि दोघी होडीच्या तळाशी पाण्यात बसल्या. वाडीच्या वाटेवर चालताना कपडे पायांना चिकटत होते. नानी पडवीत सुपानं तांदूळ पाखडत बसली होती. तिनं पावलं ऐकून वर पाहिलं. सूप खाली ठेवलं, उठली, मैमूनासमोर येऊन उभी राहिली आणि आपला हात सपाट धरून तिच्या माथ्यापासून स्वतःच्या अंगापर्यंत नेऊन पाहिला. तो नानीच्या हनुवटीशी आला. तिनं नातीचा चेहरा दोन्ही हातांत घेतला. ती काही बोलेल म्हणून दोघी थांबल्या होत्या. मग ती जुलेखाकडे वळली.

“अगोदर कळवायला काय झालं होतं तुला?” ती म्हणाली. “घरात चारच अंडी आहेत. गोदू बाजारात गेलीय, ती दिवेलागणीला यायची. आणि पोरगी बघ कशी पिवळी पडली आहे, बोटीत तिला काही खायला घातलं नाहीस का? स्वतः तरी खाल्लंस? ओल्या कपड्यांनी उभी काय राहिलीस, आत जा, खुंटीवर माझं लुगडं आहे ते नेस, वाऱ्याचे दिवस आहेत.” पत्र आमच्यामागून पोचलं असतं, नानी, असं जुलेखा सांगायला गेली, पण ते ऐकायला म्हातारी थांबली नव्हती, मैमूनाला हाताला धरून आत नेत ती बोलतच होती, एकामागून एक, चुलीवर पाणी नाही, दूध सकाळचं आहे, या मुंबईच्या बायकांना काही कळत नाही. असं कुणी आपल्याला अखेरचं कधी बोललं होतं हे जुलेखा आठवू लागली, तर थेट तळ्याच्या घरापर्यंत, आईपर्यंत जावं लागलं. ती पडवीतच उभी राहिली, पायांखाली पाण्याचं थारोळं साचत होतं, आणि आतून येणारं ते बोलणं लवकर संपू नये म्हणून ती लुगडं नेसायला जरा उशिरानंच आत गेली.